मांडवीच्या दोन्ही तीरांवर : बस, फेरीबोट आणि पायी पणजीचे चार दिवस

पणजीचा बेत आखताना कॅलेंडरवर वार आणि तिथी दोन्ही बघावं. वार अशासाठी की रेईश मागुशचा किल्ला सोमवारी बंद असतो, जुन्या गोव्याचं पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं आणि रविवारी खाजगी बसगाड्या निम्म्याच धावल्यासारख्या वाटतात. मंगळवारी पोचून शुक्रवारी निघालं तर यातलं काहीच आडवं येत नाही. तिथी अशासाठी की मांडवीला समुद्राची भरती-ओहोटी लागते. पणजी, रायबंदर, जुने गोवे आणि त्याच्या बऱ्याच वरपर्यंत नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते. धक्क्याचा उतार किती उघडा पडेल, चोडण बेटाच्या खारफुटीत चिखल दिसेल की पाणी, होडी आत जाईल की नाही, हे सगळं तिच्याच हातात.

कोकणातला जुना हिशेब इथेही चालतो. तिथीचा आकडा तीनाने गुणून चाराने भागला की मुंबईच्या पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. पणजीत भरती त्याच्या तासभर आधी येते. म्हणजे अष्टमीला मुंबईत सहाच्या सुमारास, तर पणजीत पाचच्या. त्यानंतर सहा तासांनी, सकाळी अकराच्या आसपास, सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. हा नुसता अंदाज आहे. नेमकी वेळ मार्मागोवा बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहून घ्यावी आणि नदीत जितकं वर जाल तितकं थोडं उशिराचं धरावं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सुमारे दोन मीटर चढतं-उतरतं, अष्टमीच्या भांगाला त्याहून बरंच कमी.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नदी तांबडी होते, प्रवाहाला जोर येतो आणि पायवाटा निसरड्या होतात. पाहण्यासारखं तेव्हाही खूप असतं, पण खाली दिलेला तिसरा दिवस पावसात करू नये.

पहिला दिवस : पाटो, फोंताइनयश, बेती

मुंबईहून रेल्वेने येणाऱ्यांनी मडगावपर्यंत जाऊ नये. पणजीचं जवळचं स्टेशन करमळी. ते जुन्या गोव्याला लागून आहे आणि पणजी तिथून दहा-बारा किलोमीटर. स्टेशनबाहेर बस उभी नसली तर जुन्या गोव्याच्या गांधी सर्कलपर्यंत जावं लागतं. अंतर दोन-अडीच किलोमीटर. सामान असेल तर इथे रिक्षा करणंच शहाणपणाचं. पुढे पणजीची बस सतत मिळते. कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडीकडून येणाऱ्या एसट्या थेट पणजीच्या कदंब बसस्थानकावर येतात.

हे बसस्थानक पाटोला आहे आणि चारही दिवसांचा तळ तेच. तिथली पद्धत एकदा समजून घ्यावी. म्हापसा, मडगाव आणि वास्कोला कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहनाच्या, 'शटल' गाड्या जातात. त्यांचं तिकीट खिडकीवर रांगेत घ्यायचं, मग गाडीत बसायचं. मधे गाडी थांबत नाही. बाकीच्या ठिकाणांना कदंबच्या साध्या आणि खाजगी गाड्या आहेत, त्यात कंडक्टर आत येऊन पैसे घेतो. खाजगी गाड्यांचे कंडक्टर गावाचं नाव ओरडत असतात. ते कोकणी रूपात असतं, म्हापसा म्हणजे 'म्हापशें', पणजी म्हणजे 'पणजे'. मराठीत विचारलेलं सगळ्यांना कळतं. दहा-वीसच्या नोटा भरपूर ठेवाव्यात. रात्री आठनंतर गाड्या झपाट्याने कमी होतात, म्हणून परतीचा प्रवास सातपर्यंत उरकेल असाच दिवस आखावा.

बसस्थानकापासून चालत पाच-सात मिनिटांवर संस्कृती भवनात गोव्याचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय भारतातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. मराठी पुस्तकांचा साठा मोठा आहे. गोव्याचा इतिहास मराठीत वाचायचा असेल तर इथे तासभर बसल्यावर पुढचे तीन दिवस वेगळे दिसतात.

पाटोच्या पुलावरून ओरेंची खाडी ओलांडली की फोंताइनयश, पणजीची जुनी वस्ती. हा भाग पायीच बघायचा. रस्ते अरुंद, वळणं आंधळी आणि गाडी लावायला जागा नाही. खाडीला समांतर असलेल्या ३१ जानेवारी रस्त्याने सुरुवात करावी आणि मग डोंगराच्या बाजूच्या गल्ल्यांत शिरावं. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं, लोखंडी कठड्याच्या बाल्कन्या, मंगलोरी कौलं. दर पावसाळ्यानंतर घर रंगवण्याची पोर्तुगीज काळची शिस्त अजून बऱ्याच घरांनी पाळली आहे. पांढरा रंग तेव्हा चर्चसाठी राखून ठेवलेला होता, म्हणून घरांच्या भिंती रंगीत आणि कोपऱ्या-कोपऱ्यांच्या कडा तेवढ्या पांढऱ्या. या घरांत माणसं राहतात. दुपारी एक ते चार घरंही झोपलेली असतात आणि दुकानंही. दारात, जिन्यावर बसून फोटो काढण्याचा इथल्या रहिवाशांना फार त्रास झाला आहे. तशा पाट्याही लावल्या आहेत. सकाळी आठच्या आत किंवा दुपारी चारनंतर यावं, आवाज हळू ठेवावा.

गल्लीच्या टोकाला सेंट सेबॅस्टियनचं १८१८ सालचं चॅपेल आहे. एरवी ते बंद असतं. प्रार्थनेच्या वेळी उघडतं. आतला क्रूस मुद्दाम बघण्यासारखा, कारण त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. तो आधी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता, तिथून पणजीच्या राजवाड्यात आला आणि मग इथे. या शहरातल्या कितीतरी वस्तू अशा नदीच्या वरच्या अंगाने खाली आलेल्या आहेत. पणजी ही जुन्या गोव्याची वारस आहे. रोगराईने जुनी राजधानी ओस पडत गेली आणि १८४३ मध्ये पणजीला अधिकृत राजधानीचा दर्जा मिळाला.

चॅपेलच्या मागून आल्तिनोच्या टेकडीवर चढता येतं. मळा या वस्तीच्या अंगाला फेनिक्सचा झरा आणि वर मारुतीचं देऊळ. देवळाच्या अंगणातून कौलांचा सगळा उतार आणि खाडी दिसते. तिथून आल्तिनोच्या माथ्याने चालत मोठ्या चर्चच्या मागे उतरावं. चर्चच्या नागमोडी पांढऱ्या पायऱ्या सगळ्यांनी चित्रात पाहिलेल्या असतात; त्याहून महत्त्वाची वरची घंटा. ती जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन मठाच्या मनोऱ्यातली, १८७१ मध्ये इथे बसवलेली. तो पडका मनोरा परवा दिसेल तेव्हा घंटेची आठवण ठेवा.

चर्चसमोरच्या बागेतून सरळ नदीकडे गेलं की आदिलशहाचा राजवाडा, म्हणजे जुनं सचिवालय. शेजारी आबे फारियाचा पुतळा. संमोहनविद्येचा अभ्यास करणारा हा पाद्री १७५६ मध्ये कांदोळीला जन्मला. राजवाड्यापासून नदीकाठाने पश्चिमेला चालत गेलं की फेरीचा धक्का येतो. इथे गोंधळ होतो, कारण याच काठावर कॅसिनोच्या होड्यांचे धक्केही आहेत आणि तिथली माणसं 'बोट, बोट' म्हणून बोलावतात. सरकारी फेरीच्या धक्क्याची खूण सोपी : रस्त्यावरून पाण्यात उतरत जाणारा काँक्रीटचा उतार, आणि तिथे दुचाक्या घेऊन उभी असलेली नोकरदार माणसं.

ही पणजी–बेती फेरी नदी परिवहन खात्याची. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पलीकडे पोचायला पाच-सात मिनिटं लागतात. चढायची रीत अशी : येणारी फेरी उताराला टेकते, पुढची लोखंडी फळी खाली येते, आधी आतल्या दुचाक्या आणि माणसं उतरतात, मगच बाहेरच्यांनी चढायचं. फळी काँक्रीटला पूर्ण टेकेपर्यंत दोन पावलं मागे राहावं. पाण्याच्या हेलकाव्याने ती उचलली जाते आणि पुन्हा आदळते. ओहोटीला उताराचा खालचा भाग उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असतं. बहुतेक माणसं घसरतात ती इथेच, तीही गुळगुळीत तळाच्या चपलांनी. मागे पट्टा असलेल्या, खाचांच्या तळाच्या सँडल चारही दिवस पुरतात.

आत गेल्यावर बाजूच्या कठड्याशी उभं राहून फेरीचं नाक कुठे आहे ते बघा. ती समोरच्या धक्क्याकडे सरळ तोंड करून कधीच जात नाही. ओहोटीला पाणी समुद्राकडे, पश्चिमेला ओढत असतं, म्हणून सुकाणूवाला नाक पूर्वेकडे, पुलांच्या बाजूला वळवून ठेवतो आणि फेरी तिरकी सरकत नेमकी उतारावर येते. भरती चढत असेल तर नाक मिरामारच्या बाजूला. एकदा हे लक्षात आलं की कोणत्याही धक्क्यावर नुसती फेरी पाहून पाणी चढतंय की उतरतंय ते कळतं. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी जाऊन लगेच परतीच्या फेरीने यावं. पर्यटकांच्या गाण्या-बजावण्याच्या बोटीवर पैसे घालवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

पूर्वेला दिसणाऱ्या पुलांचीही गोष्ट फेरीशी जोडलेली आहे. मांडवीवरचा १९७० चा नेहरू पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला. १९९२ मध्ये नवा पूल होईपर्यंत दोन्ही तीरांच्या ये-जा करण्याचा मोठा भार याच फेरीबोटींनी वाहिला. तारांवर तोललेला सगळ्यांत उंच पूल म्हणजे २०१९ चा अटल सेतू. त्यावरून पायी जाता येत नाही.

दुसरा दिवस : रायबंदर, चोडण

सकाळी नाश्त्याला भाजी-पाव. पणजीच्या बाजाराभोवतीच्या जुन्या हॉटेलांत पातळभाजी, सुकीभाजी किंवा दोन्ही एकत्र करून 'मिक्स' मागता येते. पाव साधा घ्यायचा की कडक उंडा, हेही विचारतात. दहानंतर गेलात तर चांगली भाजी संपलेली असते.

मग पाटोहून रायबंदरमार्गे जुन्या गोव्याला जाणारी बस. 'रायबंदरमार्गे' हे विचारूनच चढावं, कारण काही गाड्या आतल्या महामार्गाने जातात आणि रायबंदर टाळतात. जाताना डाव्या बाजूची खिडकी पकडा. पाटो सोडल्याबरोबर गाडी ज्या सरळ रस्त्याला लागते तो म्हणजे पोंते द लिन्यारिश, लिन्यारिशच्या काउंटाने, तेव्हाच्या व्हाइसरॉयने, १६३३-३४ मध्ये बांधून घेतलेला जांभ्याचा बांध. सुमारे तीन किलोमीटर लांब. डावीकडे मांडवी, उजवीकडे खारफुटी आणि मिठागरांची जमीन. बांधावरून चालत जाण्याची कल्पना कागदावर छान वाटते, पण रस्ता अरुंद आहे आणि वाहनं थांबत नाहीत. इथे बसच बरी.

'रायबंदर फेरी' असं कंडक्टरला आधी सांगून ठेवावं. धक्का रस्त्यालाच लागून आहे. या मार्गावर जुलै २०२५ पासून रो-रो फेरी आली आहे. तिच्यात गाड्या एका टोकाने चढतात आणि दुसऱ्या टोकाने उतरतात, त्यामुळे मागे घेण्याची कसरत वाचते. तिचे दर साध्या फेरीपेक्षा वेगळे आहेत, तेव्हा चढण्याआधी धक्क्यावरचा फलक वाचावा. सकाळी आठ ते दहा चोडणहून पणजीला येणाऱ्यांची गर्दी असते. आपण उलट दिशेला जात असतो, म्हणून जागा मिळते. पण उतरताना समोरून दुचाक्यांचा लोंढा तयारीत उभा असतो. कडेने चालावं.

पलीकडे उतरल्यावर काही पावलांवरच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याचं फाटक. १९८८ मध्ये स्थापन झालेलं, क्षेत्रफळ १.७८ चौरस किलोमीटर, सगळं खारफुटीचं. आत फरसबंद वाट आहे. इथे तिथीचा हिशेब कामी येतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, सकाळी नऊ ते अकरा चिखल उघडा असतो आणि पक्षी खायला उतरतात. उधाणाच्या दिवसांत सकाळी अकराला पूर्ण भरती असते. तेव्हा चिखल दिसत नाही, पण होडीने आतल्या चिंचोळ्या खाड्यांत जाता येतं. होडी ओहोटीला मिळत नाही. होडीवाला नाही म्हणाला तर घासाघीस करून उपयोग नसतो. आत पाणीच नसतं आणि होडी चिखलात रुतली की पुढची भरती येईपर्यंत तिथेच.

पक्षी दिसले नाहीत म्हणून फाटकातून परत फिरणारे पुष्कळ असतात. ते वर बघतात, खाली बघत नाहीत. वाटेच्या कडेला पाच मिनिटं न हलता उभं राहा. आधी चिखल नुसता तपकिरी दिसतो. मग तो हलायला लागतो : बोटभर लांबीच्या निवट्या (चिखलातले मासे), डोळे डोक्यावर, कल्ल्यांजवळच्या परांवर रेटा देत उड्या मारत जातात. बिळांच्या तोंडाशी एकच नांगी मोठी असलेले छोटे नर खेकडे ती नांगी वर-खाली हलवत असतात. आपली सावली पडली की सगळे एकदम आत. खारफुटीची झाडंही मुळांवरून ओळखता येतात. जमिनीतून पेन्सिलीसारखी सरळ वर आलेली मुळं दिसली की तिवर. खोडापासून कमानी करून खाली उतरलेली दिसली की कांदळ. चिखलात हवा नसते, म्हणून मुळांनाच वर येऊन श्वास घ्यावा लागतो. या मुळांवर पाय देऊ नये, ती कणखर दिसतात तशी नसतात. पक्ष्यांत बगळे, जांभळा बगळा, तीन-चार जातींचे खंड्या आणि तुतवार हिवाळ्यात हमखास. डासांसाठी लांब बाह्या हव्यातच. पिण्याचं पाणी बरोबर न्यावं.

अभयारण्य दोन-अडीच तासांत होतं. उरलेला वेळ चोडण गावात. फेरीपासून आत जाणारा रस्ता खाजनांतून जातो. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडवलेली शेतजमीन. बांधात जागोजागी लाकडी झडपांची दारं असतात, त्यांना मानस म्हणतात. ओहोटीला आतलं पाणी दाराला बाहेर ढकलतं आणि निघून जातं. भरतीला बाहेरचं पाणी त्याच दाराला दाबून बंद करतं. माणसाने हात लावायची गरज नसते. बांध फुटला की खारं पाणी आत येतं आणि शेत काही हंगाम नापीक होतं; नदीतून जाणाऱ्या खनिजाच्या बार्जींच्या लाटांनी बांध झिजतात ही इथल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. कुठल्याही मानशीपाशी पाणी फिरण्याच्या वेळेला थांबता आलं तर थांबा.

चोडणच्या देवकीकृष्णाचं देऊळ आज माशेलला आहे. पोर्तुगीजांच्या मूर्तिभंजनाच्या काळात भक्तांनी मूर्ती नदीपार नेली. उद्या हीच गोष्ट पावलापावलावर भेटणार आहे.

तिसरा दिवस : जुने गोवे, दिवाडी, नार्वे

या दिवसासाठीच खरं तर पणजीला यावं. चालणं साधारण दहा किलोमीटर, फेऱ्या दोन, आणि कित्येक शतकांचा इतिहास पायाखाली येतो.

सकाळी साडेसातची बस, पुन्हा रायबंदरमार्गे. गांधी सर्कलला उतरून आधी बॉम जेझू. आठ-साडेआठला गेलं तर पर्यटकांच्या गाड्या अजून आलेल्या नसतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. १६०५ मध्ये अभिषेक झालेल्या या चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव आहे. दर दहा वर्षांनी ते दर्शनासाठी खाली आणतात, शेवटचं दर्शन २०२४-२५ च्या हिवाळ्यात झालं. आत जाण्याआधी बाहेरची भिंत जवळून बघावी. बाकीची सगळी चर्च पांढरी, हेच तेवढं तांबडं का? कारण याचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला. जांभा गिलाव्याखाली शतकानुशतकं टिकतो, उघडा पडला की पावसाने झिजतो. भिंतीजवळ तांबडी रेव पडलेली दिसते, ती या भिंतीचीच. दर्शनी भागावरचं कोरीव काम मात्र तसंच तीक्ष्ण आहे, कारण तो दगड वेगळा : वसईहून समुद्रमार्गे आणलेला काळा पाषाण. वसई तेव्हा पोर्तुगीजांचीच होती.

सर्कल ओलांडून से कॅथेड्रल. त्याला दोन मनोरे होते, एक १७७६ मध्ये पडला. उरलेल्यात 'सोन्याची घंटा' आहे. वेळ कमी असेल तर संग्रहालय सोडा, पण सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा सोडू नका. सर्कलपासून पश्चिमेला टेकडीवर दहा-बारा मिनिटांची चढण आहे. ४६ मीटर उंच मनोऱ्याचा उभा अर्धा भाग तेवढा राहिला आहे. परवा पणजीच्या चर्चवर पाहिलेल्या घंटेचं घर ते हेच.

दहा-साडेदहाला खाली येऊन सेंट कॅजेटनच्या चर्चवरून नदीकडे निघावं. वाटेत व्हाइसरॉयची कमान लागते. नवा व्हाइसरॉय लिस्बनहून आला की नदीतून इथे उतरे आणि या कमानीखालून शहरात शिरे. नदीकडच्या अंगाला वास्को द गामाचा पुतळा आहे. म्हणजे बसने येणारा माणूस हे शहर मागच्या दाराने बघतो. पुढचं दार नदीवर आहे. कमानीपासून दोन-तीन मिनिटांवर दिवाडी बेटाच्या फेरीचा धक्का. फेरी भरली की सुटते. गर्दीच्या वेळी दहा-पंधरा मिनिटांनी, दुपारी त्याहून उशिरा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे नदीवर धुकं उतरलं तर ते विरेपर्यंत थांबावं लागतं, हे आणखी एक कारण आधी चर्च बघण्याचं.

दिवाडीच्या काठाला धक्का, एक-दोन टपऱ्या आणि पुढे खाजनांतून जाणारा सरळ रस्ता. सावली नाही. छत्री किंवा टोपी आणि प्रत्येकी दीड लिटर पाणी हवंच. बेटावर बस आहे, पण ती फेरीची वाट बघत उभी असेलच असं नाही. पाऊण तासात पियेदाद गाव येतं. टेकडीवरच्या चर्चपर्यंत चढून जावं. समोर मांडवीचा फाटा, पलीकडे झाडांतून वर आलेले जुन्या गोव्याचे मनोरे. याच जागी पूर्वी गणपतीचं देऊळ होतं आणि त्या देवाची मूर्ती फिरत-फिरत खांडोळ्याला स्थिरावली. चर्चशेजारच्या दफनभूमीत एका छोट्या चॅपेलचं छत जुन्या, देवळाच्या काळचं आहे. दगडात कोरलेली फुलं अजून स्पष्ट दिसतात. ते बघताना तिथे लोकांचे आप्त पुरलेले आहेत याचं भान ठेवावं.

जेवण गावात साडेबाराच्या सुमारास मिळतं, दोननंतर खात्री नाही. शीत-कडी (भात-कालवण), एखादा तळलेला मासा, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर). माशाचा तुकडा कोणता ते त्या दिवशीच्या बाजारावर, त्यावर हट्ट धरू नये.

पियेदादहून बेटाच्या उत्तर टोकाला, नार्व्याला, आणखी साधारण चार किलोमीटर. इथे रस्ते फुटतात आणि पाट्या अपुऱ्या आहेत. मळारकडे न वळता 'नार्वे फेरी' विचारत जावं. बेटावरच्या या नार्व्यात सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ होतं. गोव्याच्या कदंब राजांचं हे कुलदैवत; त्यांच्या नाण्यांवर 'श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' अशी अक्षरं असत. ते देऊळ एकदा बहमनी स्वारीत पडलं, विजयनगरच्या काळात पुन्हा उभं राहिलं आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं. आज तिथे जुनी तळी आणि दगडी अवशेष आहेत. तळीच्या पायऱ्यांवर बसण्याइतका वेळ काढावा.

शिवलिंग भक्तांनी नदीपलीकडे नेलं, आणि आपणही तिथेच जाणार. नार्व्याची फेरी लहान, गर्दी कमी, दोन फेऱ्यांतलं अंतर जास्त. अर्धा तास थांबायची तयारी ठेवावी आणि साडेतीनपर्यंत हा धक्का गाठावा. पलीकडचं गावही नार्वेच, पण डिचोली तालुक्यातलं. पोर्तुगीजांची सत्ता तेव्हा या काठापर्यंत नव्हती. म्हणून देव इथे सुरक्षित राहिला. फेरीच्या काही मिनिटांत हा फरक जितका लख्ख समजतो तितका नकाशावर समजत नाही.

धक्क्यापासून सुमारे दोन किलोमीटर आत, झाडीत, सप्तकोटेश्वर. हे देऊळ शिवाजी महाराजांनी बांधवलं. दाराच्या वर शिलालेख आहे, आत जाण्याच्या घाईत तो सुटतो. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार, असा काळ त्यात दिला आहे. म्हणजे नोव्हेंबर १६६८. देवनागरी अक्षरं ज्याला वाचता येतात त्याला दारात उभं राहून तो स्वतः वाचता येतो. २०२३ मध्ये देवळाचा जीर्णोद्धार झाला. दीपमाळ, घुमट, उतरतं छप्पर आणि गाभाऱ्यात पैलू पाडलेलं धारालिंग. पुरुषभर उंचीच्या जांभ्याच्या कड्यातून वाट काढून हा परिसर वसवला आहे. पावसात तिथे शेवाळ फार.

परतीसाठी आल्या वाटेने जाऊ नये, अंधार पडेल. नार्व्याहून मयेमार्गे डिचोलीला बस आहे, पण गाड्या थोड्या. देवळाजवळच्या दुकानात पोचल्या-पोचल्याच पुढच्या बसची वेळ विचारावी, मग दर्शनाला जावं. बस चुकली तर डिचोलीपर्यंत रिक्षा. डिचोलीहून पणजीला किंवा म्हापशाला गाड्या मिळतात. थेट पणजीची नसेल तर म्हापसा गाठून तिथून शटल.

चौथा दिवस : रेईश मागुश, कांपाल

पाय दुखत असणार, म्हणून हा दिवस छोटा. सकाळी बेतीची फेरी आणि पलीकडून वेरेंकडे जाणारी बस. कांदोळी-कळंगुटच्या गाड्या याच रस्त्याने जातात. रेईश मागुशच्या फाट्याला उतरायचं. चालत गेलं तर तीन किलोमीटर. १५५१ चा किल्ला लहान आणि नीट दुरुस्त केलेला आहे. १९९३ पर्यंत इथे तुरुंग होता, पोर्तुगीज काळात स्वातंत्र्यसैनिकांनाही इथे डांबलं होतं. आत मारियो मिरांडा यांच्या चित्रांचं दालन आहे. तटावरून मांडवीचं मुख दिसतं आणि पणजी नेमकी कुठे बसली आहे ते कळतं. खालच्या चर्चच्या पायऱ्यांशी दगडी सिंह आहेत, त्यांची घडण विजयनगरच्या शैलीची. ते बघायला विसरू नये.

दुपारी परत येऊन कांपालच्या झाडांखालून कला अकादमीपर्यंत जावं, चार्ल्स कोरिया यांची वास्तू बाहेरून तरी बघावी, आणि पुढे मिरामार. तिथे दयानंद बांदोडकरांचं स्मारक आहे. नदी समुद्राला मिळते त्या कोपऱ्यावर पाण्याला ओढ असते, पोहू नये.

परतीची गाडी करमळीहून असेल तर पणजी किमान दीड तास आधी सोडावी. संध्याकाळी पाटोच्या पुलावर आणि मेरशीच्या चौकात वाहतूक तुंबते आणि बस तिथेच अर्धा तास अडकते. सामान सकाळीच बसस्थानकाजवळच्या मुक्कामी तयार करून ठेवलं तर मिरामारहून थेट उचलता येतं. बरोबर पोई, म्हणजे इथले गोल पाव, न्यायच्या असतील तर निघताना घ्याव्यात, पोदेर (पाववाला) चारच्या सुमारास सायकलचा भोंगा वाजवत पुन्हा फिरतो. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत, कागदात गुंडाळल्या तर सकाळपर्यंत चांगल्या राहतात.